उच्च रक्तदाब : कारणे, धोक्याचे घटक आणि घरातील मिठाचा ताळेबंद

जमीन क्षारपड होते ती एका हंगामात होत नाही. कृष्णाकाठच्या सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांत उसाला वर्षानुवर्षे गरजेपेक्षा जास्त पाणी दिले गेले, निचऱ्याकडे लक्ष राहिले नाही आणि हजारो एकर चांगली काळी जमीन हळूहळू क्षारपड झाली. सुरुवातीची काही वर्षे पीक नेहमीसारखेच येत होते. जमिनीवर पांढरा थर दिसू लागला तोपर्यंत खाली पुष्कळ बिघाड होऊन गेलेला होता. ज्यांनी वेळीच माती तपासून घेतली त्यांना कमी खर्चात सुधारणा करता आली. ज्यांनी पांढरा थर दिसण्याची वाट पाहिली त्यांना ती फार महागात पडली.

माणसाच्या शरीरातील उच्च रक्तदाबाची वाटचाल बरीचशी अशीच असते. तो वर्षानुवर्षे वाढत असतो, पण माणसाला काही जाणवत नाही. भूक लागते, झोप येते, कामही होते. मग एखाद्या दिवशी हात-पाय लुळा पडतो, तोंड वाकडे होते किंवा छातीत कळ येते. घरातील कर्त्या माणसाला ऐन पेरणीत पक्षाघाताचा झटका आला म्हणजे हंगाम हातचा जातो, दवाखान्यापायी जनावरे आणि प्रसंगी जमीनही विकावी लागते. माणूस वाचला तरी त्याच्या हातात पूर्वीचे बळ परत येईलच असे नाही. या झटक्यामागील सर्वांत मोठे कारण उच्च रक्तदाब हे होय, आणि ते अगोदर कळू शकते.

हा आजार शहरातील बैठे काम करणाऱ्यांचा, अशी एक समजूत आहे. २०१९-२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे २४ टक्के व स्त्रियांपैकी सुमारे २१ टक्के व्यक्तींचा रक्तदाब वाढलेला आढळला किंवा त्या त्यासाठी औषध घेत होत्या. यात शहरे आली तशी खेडीही आली. जगभरात उच्च रक्तदाब असलेल्या प्रौढांपैकी जवळजवळ निम्म्यांना आपल्याला तो आहे हे माहीतच नसते.

प्रस्तुत लेखक कृषिविद्येचा अध्यापक आहे, वैद्य नव्हे. म्हणून कोणते औषध घ्यावे हे या लेखात सांगितलेले नाही. ते काम डॉक्टरांचे. परंतु रक्तदाब कशाने वाढतो, त्यातील किती कारणे आपल्या स्वयंपाकघरात व शिवारात आहेत आणि त्यांचा हिशेब कसा ठेवावा, हे शेतकरी कुटुंबाने समजून घेणे आवश्यक आहे.

रक्तदाब म्हणजे काय?

रक्तदाब प्रथम मोजणारे शास्त्रज्ञ वनस्पतींचेही अभ्यासक होते. इंग्लंडमधील स्टीफन हेल्स यांनी द्राक्षवेलीच्या मुळांतून वर चढणाऱ्या रसाचा दाब मोजला व १७२७ साली त्यावर ग्रंथ लिहिला. पुढे त्यांनी घोडीच्या रोहिणीत नळी बसवून तिला उभी काचेची नळी जोडली. त्या नळीत रक्त ८ फूट ३ इंचांपर्यंत चढले. हा प्रयोग १७३३ साली प्रसिद्ध झाला. दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याची आजची पद्धत रिव्हा-रोची यांनी १८९६ साली आणली आणि १९०५ साली कोरोत्कोव्ह यांनी तिला नाडीच्या आवाजाची जोड दिली.

हृदय हा पंप आहे आणि रोहिण्या म्हणजे त्याची पाइपलाइन. हृदय आकुंचन पावून रक्त ढकलते त्या क्षणी रोहिणीच्या भिंतीवर पडणारा दाब म्हणजे वरचा आकडा. हृदय सैल पडते त्या क्षणी जो दाब शिल्लक राहतो तो खालचा आकडा. हा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये सांगतात. ठिबक संच साधारणपणे १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबावर चालतो. त्याच मापात १२० मि.मी. म्हणजे सुमारे ०.१६ किलो, म्हणजेच १.६ मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा दाब होतो. ठिबकच्या मानाने हा दाब थोडा वाटेल. परंतु ही पाइपलाइन जिवंत आहे आणि पंप एका मिनिटासाठीही बंद करता येत नाही. दाब थोडासाच जास्त असला तरी तो रात्रंदिवस भिंतीवर पडत राहतो. त्यामुळे भिंती जाड व कडक होतात, आतील पोकळी कमी होते आणि मेंदू, हृदय, मूत्रपिंड व डोळे यांची हानी होते.

बसलेल्या स्थितीत मोजलेल्या दाबाचा अर्थ ढोबळमानाने पुढीलप्रमाणे घ्यावा.

तक्ता १ : रक्तदाबाचे आकडे (प्रौढ व्यक्ती)
• १२०/८० पेक्षा कमी : योग्य.
• १२०/८० ते १३९/८९ : वाढीकडे कल. आहार-विहारात सुधारणा करावी, वरचेवर मोजावा.
• १४०/९० किंवा अधिक : निरनिराळ्या दिवशी मोजूनही असाच राहिल्यास उच्च रक्तदाब. डॉक्टरांचा सल्ला आवश्यक.
• १८०/११० किंवा अधिक : त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

वरचा किंवा खालचा, कोणताही एक आकडा मर्यादेबाहेर असला तरी तो वाढलेलाच समजावा. ४० ते ६९ या वयोगटात वरचा आकडा ११५ च्या पुढे प्रत्येक २० मि.मी. ने वाढला की पक्षाघाताने व हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका जवळजवळ दुप्पट होत जातो.

दाब का वाढतो?

पाइपलाइनमधील दाब वाढण्याची तीन कारणे शेतकऱ्याला ठाऊक आहेत. पंप जोरात चालतो, नळीत पाणी जास्त होते किंवा नळी अरुंद होते. शरीरातही हेच घडते. भीती, राग, तंबाखू यांनी हृदय जोरात चालते. मीठ जास्त झाले की शरीर पाणी धरून ठेवते व रक्ताचे आकारमान वाढते. वयानुसार रोहिण्या कडक होतात आणि बारीक रोहिण्या आकसतात. रक्तासारख्या संथ प्रवाहात नळीचा व्यास निम्मा झाला तर तोच प्रवाह टिकवण्यास होणारा विरोध १६ पट होतो. म्हणून बारीक रोहिण्या थोड्या जरी आकसल्या तरी दाब बराच वाढतो.

या सर्वांवर देखरेख ठेवणारा अवयव म्हणजे मूत्रपिंड. मूत्रपिंड ही शरीराची निचरा व्यवस्था आहे. जास्तीचे मीठ व पाणी ती लघवीवाटे बाहेर टाकते. आवक वाढली आणि निचरा मंदावला की जमिनीत क्षार साठतात, तसेच येथेही होते. शिवाय वाढलेल्या दाबाने मूत्रपिंडाची चाळणी खराब होते आणि चाळणी खराब झाल्याने दाब आणखी वाढतो.

सुमारे ९० ते ९५ टक्के रुग्णांमध्ये कोणतेही एकच कारण दाखवता येत नाही. अनेक लहान-मोठी कारणे एकत्र येऊन दाब वाढतो. उरलेल्यांमध्ये मूत्रपिंडाचा विकार, मूत्रपिंडाच्या रोहिणीचे अरुंद होणे, अधिवृक्क किंवा थायरॉइड ग्रंथीचा बिघाड, झोपेत श्वास अडकणे असे ठरावीक कारण सापडते. तरुण वयातच दाब फार वाढलेला असेल किंवा औषधांनी तो आटोक्यात येत नसेल तर अशा कारणाचा शोध घ्यावा लागतो.

आपल्या हाती नसलेले घटक

१) वय : वय वाढते तशा रोहिण्या कडक होतात. पन्नाशीनंतर वरचा आकडा विशेष वाढतो. पन्नाशीपूर्वी पुरुषांत व पाळी गेल्यानंतर स्त्रियांत प्रमाण वाढलेले दिसते.
२) आनुवंशिकता : आई-वडिलांपैकी एकास किंवा दोघांस उच्च रक्तदाब असल्यास मुलांना तो होण्याची शक्यता अधिक असते. घरात कोणाला पक्षाघात झालेला असेल तर सर्व प्रौढांनी तपासणी करून घ्यावी.
३) जन्माच्या वेळचे वजन : कमी वजनाने जन्मलेल्या मुलांमध्ये पुढील आयुष्यात रक्तदाब वाढण्याकडे कल आढळतो. म्हणून गर्भवतीच्या पोषणाची काळजी ही पुढच्या पिढीच्या रक्तदाबाचीही काळजी ठरते.

बियाणे बदलता येत नसले तरी मशागत आपल्या हाती असते. वरील घटक ज्यांच्यात आहेत त्यांनी पुढील घटकांकडे अधिक लक्ष द्यावे.

आपल्या हाती असलेले घटक

१) जास्त मीठ : जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, खावे. भारतात प्रत्यक्षात याच्या दुपटीच्या आसपास मीठ खाल्ले जाते. १९८८ साली ३२ देशांतील ५२ ठिकाणच्या १० हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात ब्राझीलच्या अरण्यातील यानोमामी लोकही होते. ते मीठ जवळजवळ खातच नाहीत. त्यांच्यात वयानुसार रक्तदाब वाढत असल्याचे आढळले नाही. हे लोक सडपातळ असतात व मद्यही घेत नाहीत. तेव्हा सारे श्रेय मिठाच्या अभावाला देता येणार नाही, परंतु वयाबरोबर दाब वाढलाच पाहिजे असा निसर्गाचा नियम नाही एवढे त्यावरून दिसते.

२) पोटॅशियमची कमतरता : पोटॅशियम हे सोडियमच्या विरुद्ध काम करते. ते लघवीवाटे सोडियम बाहेर टाकण्यास व रोहिण्या सैल ठेवण्यास मदत करते. केळी, पालेभाज्या, शेवगा, कडधान्ये, रताळी, मोसंबी, डाळिंब यांतून ते मिळते. फळे, भाज्या व कमी स्निग्धांशाचे दूध यांवर भर असलेल्या आहाराने उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा सरासरी ११ मि.मी. ने उतरल्याचे अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले. खेदाची गोष्ट अशी की भाजीपाला पिकवणाऱ्या कित्येक घरांत सगळी चांगली भाजी बाजारात जाते आणि ताटात ठेचा, लोणचे व भाकरी राहते.

३) वाढलेले वजन व कमी झालेले श्रम : ट्रॅक्टर, मोटारसायकल, मळणीयंत्र व तणनाशके यांमुळे शेतातील श्रम कमी झाले, आहार मात्र पूर्वीचाच राहिला. काही घरांत तर तेल, साखर व फरसाण वाढले. शेतावर असणे म्हणजे श्रम करणे नव्हे. बांधावर उभे राहून मजुरांवर देखरेख करणे किंवा मोटारसायकलवरून पंप चालू करून येणे यांत शरीराला चलन मिळत नाही. काम हंगामी असल्याने वर्षातील काही महिने पूर्ण बैठे जातात. आठवड्यातून किमान १५० मिनिटे दम लागेल असे चालणे किंवा तत्सम श्रम आवश्यक आहेत. वजन जास्त असलेल्याने ते १ किलोने घटवले की वरचा आकडा साधारण १ मि.मी. ने कमी होतो.

४) तंबाखू, विडी व मिश्री : निकोटिनमुळे प्रत्येक वेळी काही काळ दाब वाढतो व हृदयाचे ठोके जलद होतात. धुरामुळे रोहिण्यांचे अस्तर खराब होते. तंबाखू ओढला, चघळला किंवा मिश्री म्हणून दाताला लावला तरी निकोटिन रक्तात जातेच. मिश्री लावणाऱ्या स्त्रिया आपल्याला व्यसन आहे असे मानत नाहीत. तपासणीच्या वेळी ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

५) दारू : दारूचे प्रमाण वाढते तसा रक्तदाब वाढतो. औषध चालू असूनही दाब उतरत नसेल तर त्याचे कारण बरेचदा रोजची दारू हे असते.

६) अपुरी झोप व ताण : चिंता व राग यांनी दाब तात्पुरता वाढतो. पाऊस, बाजारभाव व कर्ज यांची चिंता वर्षभर राहिली की झोप उडते, तंबाखू-दारू वाढते आणि त्या मार्गाने दाब कायमचा वाढण्यास हातभार लागतो. ज्या भागात अद्याप रात्रीच्या पाळीने वीज येते तेथे पिकाला पाणी देण्यासाठी झोपमोड होते. अशा वेळी घरातील माणसांनी पाळ्या वाटून घ्याव्यात व जागरण झालेल्याने दुसऱ्या दिवशी झोप भरून काढावी.

७) काही औषधे : खुरपणी, भांगलण, ऊसतोड झाली की अंगदुखीची गोळी दुकानातून आणून खाण्याची सवय सर्वत्र आहे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या वारंवार घेतल्यास शरीरात मीठ व पाणी साठते, रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडासही इजा पोहोचते. सांधेदुखीवर मिळणाऱ्या निनावी पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले आढळून आले आहे. त्यानेही दाब वाढतो. काही गर्भनिरोधक गोळ्या आणि मोठ्या प्रमाणात घेतलेला ज्येष्ठमध यांचाही असाच परिणाम होतो.

गर्भवती स्त्रियांसाठी वेगळी सूचना आवश्यक आहे. पाचव्या महिन्यानंतर प्रथमच वाढलेला रक्तदाब आई व बाळ दोघांच्याही जिवाला धोका निर्माण करू शकतो. प्रत्येक तपासणीच्या वेळी रक्तदाब मोजून घ्यावा. डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहरा व हात अचानक सुजणे अशी लक्षणे दिसताच शेतीकाम कितीही महत्त्वाचे असले तरी दवाखान्यात न्यावे.

घरातील मिठाचा ताळेबंद

किती मीठ खाता, असे विचारले तर प्रत्येक घरातून ‘आम्ही बेतानेच खातो’ असे उत्तर येते. अंदाजाने खत टाकणे आणि अंदाजाने मीठ टाकणे यांत फारसा फरक नाही. मिठाचा हिशेब मात्र सोपा आहे. मिठाची पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहावी आणि संपली की पुन्हा तारीख लिहावी. वापरलेल्या मिठाच्या ग्रॅमला घरात जेवणाऱ्या माणसांच्या संख्येने व दिवसांच्या संख्येने भागावे.

तक्ता २ : महिन्याला (३० दिवस) मिठाची कमाल मर्यादा
• ४ प्रौढ माणसे : ६०० ग्रॅम
• ५ माणसे : ७५० ग्रॅम
• ६ माणसे : ९०० ग्रॅम
• ८ माणसे : १,२०० ग्रॅम

उदाहरणार्थ, पाच माणसांच्या घरात महिन्याला दीड किलो मीठ संपत असेल तर १,५०० भागिले १५०, म्हणजे माणशी रोज १० ग्रॅम मीठ झाले. ही मर्यादेच्या दुप्पट मात्रा होय. लहान मुलांना याहूनही कमी मीठ लागते. जनावरांना दिलेले मीठ हिशेबातून वगळावे. मजूर घरी जेवत असतील तर त्यांची संख्या धरावी.

या हिशेबात बाजारातून आलेले मीठ येत नाही हे लक्षात ठेवावे. फरसाण, वेफर्स, बिस्किटे व पाव यांत मीठ असते. पापडखार व खाण्याचा सोडा यांतही सोडियम असते. लोणचे टिकावे म्हणून त्यात १० ते १५ टक्के किंवा त्याहूनही अधिक मीठ घालतात. म्हणजे २० ग्रॅम लोणच्यातून २ ते ३ ग्रॅम मीठ पोटात जाते आणि दिवसाचा निम्मा वाटा तेथेच संपतो. कोकणात खारवलेल्या मासळीचाही हिशेब धरावा.

मीठ एकदम तोडू नये. दर पंधरवड्याला थोडे थोडे कमी केल्यास काही आठवड्यांत जिभेला त्याची सवय होते. ताटात मीठ वाढण्याची पद्धत बंद करावी. लिंबू, कोकम, चिंच, लसूण, जिरे व कोथिंबीर यांनी चव राखता येते. रोजचे मीठ ४ ते ५ ग्रॅमने कमी केल्यास उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा सरासरी ५ मि.मी. च्या आसपास उतरतो.

उन्हात घाम गाळणाऱ्याला मीठ जास्त लागते, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. त्यात काही तथ्य आहे. घामावाटे मीठ जाते. परंतु उन्हाची सवय झाली की एक-दोन आठवड्यांत घामातील मिठाचे प्रमाण शरीर स्वतःच कमी करते. कडक उन्हात दिवसभर कष्टाचे काम करणाऱ्याने पाणी व ताक भरपूर घ्यावे आणि उष्माघाताची लक्षणे दिसल्यास जलसंजीवनी द्यावी. त्यासाठी घरातील सर्वांनी वर्षभर दुप्पट मीठ खाण्याचे कारण नाही.

विहिरीच्या पाण्यातील मीठ

अकोला, अमरावती व बुलडाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा सर्वांना परिचित आहे. इतरत्रही अनेक कूपनलिकांचे पाणी खारे आहे. पिकाला हे पाणी चालेल का याची आपण तपासणी करतो. तेच पाणी पिण्यात असेल तर त्याच अहवालातून आणखी एक गोष्ट काढता येते. अहवालात सोडियम मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर असे दिलेले असते. त्या आकड्यास २३ ने गुणले की मिलिग्रॅम प्रति लिटर मिळतात. समजा अहवालात सोडियम १५ आहे. १५ गुणिले २३ म्हणजे ३४५ मिलिग्रॅम. उन्हाळ्यात माणूस ५ लिटर पाणी पितो असे धरल्यास १,७२५ मिलिग्रॅम सोडियम पोटात जाते. हे सुमारे ४.४ ग्रॅम मिठाइतके होते. म्हणजे भाकरीचा घास घेण्यापूर्वीच दिवसाचा वाटा जवळजवळ संपला.

बांगलादेशाच्या किनारी भागात खारे पाणी पिणाऱ्या गर्भवती स्त्रियांमध्ये उच्च रक्तदाबाचे प्रमाण अधिक आढळून आले आहे. म्हणून ज्यांच्या पाण्यात सोडियम जास्त आहे त्यांनी पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी नळयोजनेचे, साठवलेल्या पावसाचे किंवा क्षार काढलेले पाणी वापरावे. पाणी उकळून क्षार जात नाहीत.

पोटॅशयुक्त मीठ

चीनच्या उत्तर भागातील ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर जवळजवळ पाच वर्षे एक मोठी चाचणी घेण्यात आली. या लोकांना पूर्वी पक्षाघात झालेला होता किंवा त्यांचे वय ६० च्या पुढे असून रक्तदाब वाढलेला होता. निम्म्या खेड्यांत नेहमीच्या मिठाऐवजी ७५ टक्के सोडियम क्लोराइड व २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ देण्यात आले. त्या खेड्यांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झाले. हे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. कमी सोडियमचे असे मीठ आपल्याकडेही मिळते. मात्र मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी व रक्तदाबाची काही ठरावीक औषधे घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. त्यांच्या रक्तात पोटॅशियम साठून हृदयाला धोका होऊ शकतो. येथे एक इशारा देणे आवश्यक वाटते. म्युरेट ऑफ पोटॅश हे रासायनिकदृष्ट्या पोटॅशियम क्लोराइडच असले तरी ते खत आहे, खाण्याच्या शुद्धतेचे नाही. ते कोणत्याही परिस्थितीत अन्नात वापरू नये.

काही गैरसमज

‘सैंधव किंवा काळे मीठ खाल्ले तर चालते.’ ही मिठेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहेत. शिवाय त्यांत आयोडीन घातलेले असेलच असे नाही. मीठ आयोडीनयुक्तच घ्यावे, पण कमी घ्यावे.

‘डोके दुखत नाही म्हणजे बीपी नाही.’ बहुसंख्य रुग्णांना काहीही त्रास जाणवत नाही. मोजल्याखेरीज दाब कळत नाही.

‘बरे वाटू लागले की गोळी बंद करावी.’ गोळीने दाब आटोक्यात राहतो, मूळ कल नाहीसा होत नाही. निचऱ्याचा पंप चालू आहे तोवर पाणी खाली राहते. तो बंद केला की काही दिवसांत पाणी पुन्हा वर येते. अनेकांना झटका येतो तो गोळी सोडल्यानंतर. वजन व मीठ कमी झाल्यावर गोळीची मात्रा घटवता येते, पण ती डॉक्टरांनी घटवावी.

‘सर्पगंधेची मुळी घेतली की पुरे.’ सर्पगंधा ही आपल्या देशातील मोलाची औषधी वनस्पती आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबावरील तिच्या उपयोगाचा शोधनिबंध १९४९ साली ब्रिटनमधील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला व त्यामुळे जगाचे तिच्याकडे लक्ष गेले. १९५२ साली तिच्यातील रिसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. परंतु मुळीतील द्रव्याचे प्रमाण जागेनुसार, वयानुसार बदलते आणि जास्त मात्रेने मनाला तीव्र खिन्नता येऊ शकते. म्हणून ती घरच्या घरी उगाळून घेऊ नये.

रक्तदाब कसा मोजावा?

वय ३० झाल्यावर प्रत्येकाने वर्षातून किमान एकदा रक्तदाब मोजावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात व आयुष्मान आरोग्य मंदिरात ही तपासणी विनामूल्य होते. २०१७ साली देशातील पाच राज्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो विशेष कार्यक्रम सुरू झाला त्यात महाराष्ट्र होता.

मातीचा नमुना चुकीचा घेतला तर अहवालही चुकीचा येतो. रक्तदाबाचेही तसेच आहे. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू व श्रमाचे काम टाळावे. लघवी करून यावे. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे. दंड उघडा व हृदयाच्या पातळीवर असावा. मोजताना बोलू नये. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजावे आणि आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवावेत. एकाच वेळी वाढलेला आकडा पाहून घाबरू नये, तसेच तो विसरूही नये.

थोडक्यात महत्त्वाचे

१) घरातील ३० वर्षांवरील सर्वांचा रक्तदाब वर्षातून एकदा मोजावा. घरात पक्षाघाताचा इतिहास असल्यास अधिक वेळा मोजावा.
२) मिठाच्या पिशवीवर तारीख लिहून माणशी रोजचा हिशेब काढावा. तो ५ ग्रॅमच्या आत आणावा.
३) विहिरीचे पाणी खारे असल्यास पिण्यासाठी दुसरी सोय करावी.
४) बाजारात पाठवण्यापूर्वी घरासाठी भाजी व फळे बाजूला काढावीत.
५) तंबाखू, मिश्री व दारू सोडावी. अंगदुखीच्या गोळ्या मनाने खाऊ नयेत.
६) हंगाम नसतानाही रोज अर्धा तास भरभर चालावे.
७) डॉक्टरांनी दिलेली गोळी त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नये.
८) चेहरा वाकडा होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. सुरुवातीच्या साडेचार तासांत योग्य रुग्णालयात पोहोचलेल्या काही रुग्णांना गुठळी विरघळवणारे औषध देता येते. नंतर ती संधी राहत नाही.

पेरणीपूर्वी बियाण्याची उगवण तपासणे व कापणीनंतर माती परीक्षण करून घेणे ही कामे आता बहुतेक शेतकऱ्यांच्या अंगवळणी पडली आहेत. त्याच यादीत घरातील सर्वांच्या रक्तदाबाची नोंद घालावी आणि या महिन्यातील मिठाची पिशवी फोडताना तिच्यावर तारीख लिहून सुरुवात करावी.